डाव्या विंगेतून

भाची विचारते, "मामा, उपरोधाचे प्रकार किती?
पाच मार्कांना आहे. उदाहरणांसह."
मी बावीस वर्षं प्रॉम्प्टर.
मला प्रकार माहीत नाहीत, जागा माहीत आहेत:
लोक कुठं हसतात, कुठं खोकतात,
कुठं अख्खं थिएटर श्वास घ्यायचं विसरतं.

सोपा आधी घे.
तालमीला अर्धा तास उशिरा ये,
मंगळवार पेठेतल्या त्या पत्र्याच्या हॉलवर.
इंगवले सर चहाचा कप खाली ठेवतील,
"या महाराणी! रथाचं चाक मोडलं काय वाटंत?"
नुसते शब्द उतरवलेस तर ते स्वागत आहे.
आवाज उतरवता आला तरच उपरोध.
आपल्या गावात हा शिकवावा लागत नाही.
"लई शाना हैस" म्हटल्यावर
इथलं तीन वर्षांचं पोरही खूश होत नाही.

दुसरा जरा बसून बघावा लागतो.
आमच्या नाटकात एक वस्ताद आहे, डोळे गेलेला.
त्याच्या पठ्ठ्यानं कुस्ती सोडलीय,
शिरोलीला फौंड्रीत लागलाय.
पण रोज संध्याकाळी येण्याआधी
मुठीनं तांबडी माती पाठीला चोळतो.
वस्ताद खांदा चाचपतो, हात नाकाशी नेतो,
"आज जोर काढलास म्हणायचा."
हे पठ्ठ्याला ठाऊक, मला ठाऊक,
तिकीट काढून बसलेल्या सहाशेजणांना ठाऊक.
गारगोटीच्या प्रयोगाला एक बाई
पदर खोचून उभीच राहिली,
"अवो वस्ताद, फशीवतोय त्यो तुम्हास्नी!"
निगवेकरला ऐकू गेलं.
वस्तादाला नाही.
दोघांचा कान एकच, बघ.
त्या फटीत बोट घाल आणि पुढचं वाच.

तिसऱ्याला नाव काय, ते तुझ्या गाईडात असेल.
स्पर्धेची अंतिम फेरी. शेवटचा प्रवेश.
वस्तादानं म्हणायचं,
"मातीला घामाचा वास नव्हता रे.
मला सगळं ठाऊक होतं."
निगवेकर थांबला.
त्याची मान डावीकडं, माझ्याकडं, केसभर वळली.
आंधळ्यानं विंगेत बघायचं नसतं,
म्हणून तिथंच थिजली.
"सगळं ठाऊक होतं" हेच वाक्य
नेमकं विसरला होता गडी.

आणि माझी बॅटरी गेली.
सबंध नाटक तोंडपाठ असलेला मी,
पान दिसेना म्हणून जीभ हलेना.
अंधारात सेल दाबतोय, झटकतोय,
आणि तिकडं निगवेकर, काही सुचेना म्हणून,
तो मातीचा हात
नाकाशी नेतो,
पुन्हा नेतो,
मग सावकाश धोतराला पुसतो.

पडदा पडला.
परीक्षक म्हणाले, अशी शांतता आम्ही ऐकली नव्हती.
अभिनय पहिला. दिग्दर्शन पहिलं.
लेखनाला सुद्धा पहिलं,
न बोललेल्या वाक्याबद्दल.
इंगवले सर सत्कारात म्हणाले, ती जागा मला आधीपासून दिसत होती.
मी टाळ्या वाजवल्या.
बावीस वर्षांत एकदाच काम चुकलो
आणि त्या एकदाच सगळं जमलं.

हे तू लिहू नकोस.
विषयांतर म्हणून दोन मार्क देतील.
व्याख्या लिही, खाली रेघ मार.

मला विचारशील तर एक अजून अडलंय.
महाद्वार रोडला निगवेकरचं चपलांचं दुकान,
समोरून गेलो की हाक मारतो,
स्टुलावर बसवतो, चहा सांगतो,
गिऱ्हाइकासमोर माझ्या पाठीवर थाप टाकतो,
"ह्यो नसता तर बक्षीस आलंच नसतं."

आठ वर्षं झाली.
मी त्याच्या तोंडाकडं बघत राहतो,
आणि हा कुठला प्रकार
ते मला अजून ओळखता येत नाही.